14 बाय 11 ची खोली, खोल बेस हवाय: सबवूफर कोणता घ्यावा?

खर्जप्रेमी | शनिवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी,

मुलगी शिकायला बेंगळुरूला गेली आणि कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामी झाली. तिच्याच आग्रहानं ती आता गाणं ऐकायची खोली करतोय. 14 फूट बाय 11 फूट, उंची साडेनऊ फूट. एका अंगाला सरकत्या काचांची खिडकी, दारावर माळा, भिंतीतलं कपाट, खाली गुळगुळीत फरशी आणि मधोमध आईची जुनी सतरंजी.

माझ्याकडे सव्वापाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आहेत आणि दहा वर्षं जुना एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि गाण्याचा अँप), त्याला सबवूफरचं, म्हणजे फक्त खोल सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचं, आउटपुट आहे. ऐकतो मुख्यतः धृपद, पखवाज, जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज. शनिवारी आम्ही दोघं एखादा सिनेमा बघतो.

हे सगळं सुरू झालं ते सहकारनगरच्या एका मित्राकडे. त्याच्या मोठ्या स्पीकरवर एक पखवाज ऐकला. 'धा' पडल्यावर डाव्या पुडीचा, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याचा, जो श्वास मागे रेंगाळतो, तो मी तिथे पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन तीच रेकॉर्ड लावली. 'धा' होता, पण त्याच्या खालची जमीनच नव्हती. तेव्हापासून चैन नाही.

एका दुकानदारानं ओळखीवर 10 इंची सबवूफर सोमवारपर्यंत घरी वापरून बघायला दिलाय. दुकानात तो सुरेख वाजत होता. घरी टीव्हीच्या टेबलाशेजारी ठेवला आणि निराशा झाली. एखादा सूर अंगावर येतो, पुढचा सूर सापडतच नाही. माळ्यावरचा पितळी डबा मात्र झणझणतो. सोफ्यावर बसलं की बेस कमी, आणि उठून दाराशी गेलं की भरपूर!

बजेट 60,000 पर्यंत. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, आजोबांची बायपास झालेली आहे, त्यांना त्रास होईल असं काहीही करायचं नाही. 12 इंची घेऊ का? की जास्त वॉटचा? मनापासून विचारतोय, सविस्तर सांगा.

सिंहगडरोडवासी | शनिवार, रात्री 10:41

सरळ 12 इंची घ्या आणि कोपऱ्यात ठेवा. 10 इंचीनं पोट भरत नाही. माझ्याकडे तसाच आहे, खूश आहे.

मोजपट्टी | शनिवार, रात्री 11:05

खर्जप्रेमी, पैसे खर्च करायच्या आधी एक सांगा. तुमचा सोफा समोरच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे? अंदाजे नको, टेपनं मोजून सांगा. मापायचं ते डोक्यापर्यंत, सोफ्याच्या पायापर्यंत नाही.

खर्जप्रेमी | शनिवार, रात्री 11:18

आत्ताच मोजलं. स्पीकर 11 फुटी भिंतीशी आहेत. तिथून माझ्या डोक्यापर्यंत साडेसात फूट.

मोजपट्टी | रविवार, सकाळी 7:50

मग तुमचं दुखणं सबवूफरमध्ये नाही, सोफ्यात आहे. जरा लांबलचक लिहितो, पण हे एकदा समजलं की पुढची सगळी खरेदी सोपी होते.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 80 हर्ट्झच्या, सेकंदाला 80 कंपनांच्या, लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या थोडी वर, 40 हर्ट्झची साडेआठ मीटर आणि 20 हर्ट्झची 17 मीटर. एवढी लांब लाट तुमच्या खोलीत मावत नाही, ती भिंतींवर आपटून स्वतःवरच परत येते. ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीच्या लांबीएवढी असते ती खोलीत ठाण मांडून बसते. तुमची 14 फुटांची बाजू म्हणजे 4.27 मीटर, त्यावरून पहिला सूर येतो 40 हर्ट्झ. 11 फुटांच्या बाजूचा 51 आणि उंचीचा 59. खोलीचे हे स्वतःचे सूर आहेत. कोणताही सबवूफर आणा, हे सूर बदलणार नाहीत.

आता गंमत अशी की खोलीत ठाण मांडलेली ही लाट सगळीकडे सारखी नसते. 40 हर्ट्झचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर, म्हणजे 7 फुटांवर, जवळपास शून्य. तुम्ही साडेसातवर बसलाय! ज्या जागी 40 हर्ट्झ ऐकूच येत नाही नेमकी ती जागा तुम्ही पकडली आहे. तिथे 1 लाखाचा सबवूफर लावला तरी तेच होईल. इक्वलायझरनं, म्हणजे एकेक सूर कमीजास्त करायच्या सोयीनं, तो सूर वाढवाल तर सबवूफर बिचारा जीव तोडून शंकू (हवा ढकलणारा पडदा) हलवेल, सोफ्यावर काही पोचणार नाही आणि दाराशी दुप्पट घुमेल. उंचवटा इक्वलायझरनं कापता येतो, खड्डा भरता येत नाही.

सबवूफर अजून सोमवारपर्यंत तुमच्याकडे आहे ना? मग आज हे करा. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, रिसीव्हरला जोडा, 40 हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जा. मग 51, मग 59. काय जाणवलं ते लिहा.

तानपुरा_जवारी | रविवार, सकाळी 9:30

धागा फार आवडला. मी गाणं शिकवते, तंत्रातलं मला कमी कळतं, पण 'खोल बेस' म्हणजे नक्की किती खोल हे सुरांच्या भाषेत मांडून बघते.

पुरुष गायक काळी एक या पट्टीत गात असेल तर मध्य षड्ज सुमारे 138 हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69. बायकांच्या काळी पाचला तीच तार 116 च्या आसपास. म्हणजे तानपुऱ्याचा खालचा सूर पूर्ण ऐकायला 20 हर्ट्झची गरज नाही, 60 च्या पुढचा पट्टा स्वच्छ हवा. पियानोची सगळ्यात खालची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झची आणि चार तारांच्या बेस गिटारची जाड तार 41 ची. त्याखाली मुख्यतः चर्च ऑर्गनचे लांब पाइप आणि सिनेमातले भूकंप.

पखवाजाबद्दल एक सांगायचंय. डाव्या पुडीला वाजवायच्या आधी कणीक लावतात. माझ्या गुरुजींकडे पखवाजवादक यायचे, ते परातीत कणीक भिजवताना मी शेजारी बसून बघायची. गोळा आधी छोटा लावायचा, अंगठ्यानं कडेकडेनं पसरायचा, एक थाप द्यायची, परत चिमूटभर वाढवायची. कणीक वाढली की पुडीचा आवाज खाली उतरतो. कणीक सुकली की चढतो, मग ओला हात फिरवायचा. वजन वाढवून सूर उतरवायचा ही युक्ती सबवूफरच्या जड शंकूतही असते असं वाचलंय, जाणकारांनी सांगावं.

खर्जप्रेमींना जे हवंय ते या पुडीचं गुंजन आहे. ते नुसतं दणकट असून चालणार नाही, थाप संपल्यावर ते वेळेत संपायलाही हवं. नाहीतर पुढचा बोल त्यात बुडतो आणि चौपटीत सगळा चिखल होतो.

मोजपट्टी | रविवार, सकाळी 9:52

तानपुरा_जवारी, अगदी बरोबर वाचलंय. शंकूचं वजन वाढवलं की त्याचा नैसर्गिक सूर खाली येतो. बदल्यात त्याला हलवायला ताकद जास्त लागते, म्हणून सबवूफरमध्ये दणकट अँप बसवलेला असतो. कणकेचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगणार.

सिनेमावेडा_औंध | रविवार, सकाळी 11:15

सविस्तर चर्चा चालू आहे म्हणून पेटीच्या प्रकाराबद्दल लिहितो. बाजारात दोन जाती आहेत, बंद पेटी आणि भोकाची पेटी, म्हणजे पोर्टेड. पोर्टेड पेटीत आतली हवा त्या नळीतून एका ठरावीक सुराला शंकूला मदत करते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत जास्त खोल आणि जास्त जोरात वाजतं. मी सिनेमे बघतो, माझ्याकडे पोर्टेड आहे आणि मी तेच सुचवीन. 20 ते 30 हर्ट्झमध्ये जो दाब येतो, बंद पेटीला तो त्या किमतीत जमत नाही.

एसव्हीएस या कंपनीचं उदाहरण घ्या. एसबी-1000 प्रो ही बंद पेटी आणि पीबी-1000 प्रो ही पोर्टेड. दोन्हींत 12 इंची ड्रायव्हर (पेटीतला शंकूवाला भाग), दोन्हींत 325 वॉट आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, अँप. कंपनी पहिलीला 20 हर्ट्झपर्यंत आणि दुसरीला 17 पर्यंत म्हणते. फरक पेटीत आहे. पोर्टेडवाली खूपच मोठी आहे, हे मात्र घरच्यांना आधी दाखवा.

वाड्यातून_फ्लॅटमध्ये | रविवार, दुपारी 12:40

सिनेमावेडा, सिनेमासाठी सहमत. पण धागाकर्त्याची खोली 14 बाय 11 आहे आणि कान पखवाजाकडे आहेत. म्हणून मी बंद पेटीच्या बाजूनं.

पोर्टेड पेटी तिच्या सुराच्या खाली गेली की सप्तकाला 24 डेसिबलनं कोसळते, बंद पेटी 12 नं. आणि छोट्या बंदिस्त खोलीत, खोलीच्या पहिल्या सुराच्या खाली, भिंती स्वतःच बेस वाढवतात. तुमच्या खोलीत ही मदत 40 च्या खाली सुरू होते. बंद पेटीची उतरण आणि खोलीची चढण बऱ्यापैकी एकमेकींना सांभाळून घेतात. त्यामुळे कागदावर 30 ला थकणारी बंद पेटी छोट्या खोलीत 22-25 पर्यंत जाते. दारं-खिडक्या बंद हव्यात मात्र, आणि आपल्या सरकत्या खिडक्यांच्या फटींतून बराच बेस बाहेर जातो, म्हणून पुस्तकातली पूर्ण मदत कोणालाच मिळत नाही.

दुसरं, थाप संपल्यावर बंद पेटी लवकर गप्प होते. पोर्टेड तिच्या सुराच्या आसपास थोडी रेंगाळते. चांगल्या बनावटीच्या पोर्टेडमध्ये तो सूर 20 च्या खाली ठेवलेला असतो, तिथे हे जाणवत नाही. स्वस्त पोर्टेड मात्र 35-45 ला सूर लावून ठेवतात, कारण दुकानात तेच धडाकेबाज वाटतं. तुमच्या खोलीचा स्वतःचा सूर 40! दोन्ही एकत्र आले की एकसुरी घूम होणारच.

खर्जप्रेमी | रविवार, संध्याकाळी 6:30

मोजपट्टी, सांगितलंत तसं केलं. माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून पत्नीलाही चालायला लावलं.

40 चा सूर लावला. समोरच्या भिंतीशी उभं राहिलं की छातीत भरल्यासारखं. चालत चालत सतरंजीच्या मध्यावर आलो आणि सूर कोणी बंद केल्यासारखा नाहीसा. एक पाऊल मागे, पुसट. आणखी दोन पावलं, परत भरून आला. पत्नी म्हणाली, "हा बंद पडला का?" ती बरोबर मध्यावर उभी होती. 51 ला हीच गोष्ट आडव्या दिशेनं झाली, खिडकीच्या बाजूला भरपूर, मध्यरेषेवर रिकामं. 59 ला मला चालून फरक कळेना, पण खाली वाकलो तर कळला.

इतके दिवस त्या सोफ्यावर बसून मी स्पीकरांना दोष देत होतो.

मोजपट्टी | रविवार, संध्याकाळी 7:10

आता सोफा मागे घ्या. पार भिंतीला लावू नका, तिथे सगळंच फुगतं. समोरून 9 फुटांवर डोकं येऊ द्या, मागे 5 फूट राहतील. कागदावर 40 हर्ट्झचा खड्डा दहा-बारा डेसिबलनं भरायला हवा. याला एक पैसा लागत नाही.

मग सबवूफरची जागा. युक्ती जुनी आहे आणि अजून तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर, सोफ्यावरच ठेवा. बेसचे सूर चढते-उतरते असलेली ओळखीची रेकॉर्ड लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेकडेनं, कान सबवूफरच्या उंचीला आणून, रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे खडूची खूण करा. सबवूफर तिथे ठेवायचा. जागांची अदलाबदल केली तरी दोन्हींमधला आवाजाचा रस्ता तोच राहतो, म्हणून हे चालतं.

कोपऱ्याबद्दल: कोपऱ्यात आवाज सर्वांत जास्त मिळतो, कारण तिथून खोलीचे सगळेच सूर जागे होतात. छोट्या सबवूफरला त्याचा फायदाही होतो. पण जागे झालेले सूर मग कापत बसावे लागतात. सिंहगडरोडवासींच्या खोलीत जमलं असेल, प्रत्येक खोलीत जमेलच असं नाही.

सिंहगडरोडवासी | रविवार, रात्री 8:00

माझी खोली हॉल आणि जेवणघर मिळून आहे, एक बाजू उघडीच. म्हणून कदाचित. रांगून बघतो मी पण.

तापकीर_गल्ली_रोज | रविवार, रात्री 9:25

वॉटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, माझं येणंजाणं रोजचं आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका, त्याला काहीही आधार नसतो. आरएमएस बघा. आणि आरएमएसही दुप्पट झाले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. 150 आणि 200 वॉटमध्ये निवडताना झोप घालवू नये.

खरी मेहनत शंकूची असते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट पुढेमागे हलावं लागतं. 40 ला 4 मिलिमीटर हलणाऱ्या शंकूला 20 ला 16 मिलिमीटर हलायला हवं. म्हणून मोठा शंकू कामाला येतो. 8 इंचीपेक्षा 12 इंचीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट. तो कमी हलून तेवढीच हवा ढकलतो आणि कमी हलला की आवाज फाटत नाही.

पत्रकावर '20 हर्ट्झपासून' लिहिलं असेल तर शेजारी किती डेसिबलच्या फरकानं ते बघा. 3 डेसिबल उणे असेल तर विश्वास ठेवा. 10 उणे असेल तर तो सूर निम्म्या आवाजात वाजणार आहे. काहीच लिहिलं नसेल तर पुढच्या दुकानात जा.

सेकंडहँड घेणार असाल तर शंकूच्या कडेवरून बोट फिरवा. रबराची कड टिकते. फोमची कड आपल्या पावसाळी हवेत दहा-बारा वर्षांत भुगा होते, बोटाला काळी पूड लागली तर समजा संपली.

सोसायटीची_सेक्रेटरी | सोमवार, सकाळी 8:15

आजोबांचा विचार तुम्ही आधीच केलात, मनापासून बरं वाटलं. आमच्या सोसायटीत तीन वर्षं ही तक्रार हाताळतेय म्हणून थोडं अनुभवातलं.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल मर्यादा आहे. पण ती मर्यादा 'ए' भारांकनानं मोजतात. ते भारांकन कानासारखं असतं, खालचे सूर जवळपास वगळतं. 63 हर्ट्झला 26 डेसिबल आणि 31.5 हर्ट्झला 39 डेसिबल वजा होतात. म्हणून लोक मोबाइल पुढे करतात, "बघा, मीटरवर 45 च दाखवतोय," आणि खालच्या घरात पलंग थरथरत असतो. दोघंही खरं बोलत असतात. मीटर दाखवून भांडण मिटत नाही, खाली जाऊन बसल्यावर मिटतं.

दुसरं, सबवूफरखाली फोमची किंवा रबराची गादी घातली की काम झालं असं समजू नका. तिनं पेटीचा हादरा फरशीत उतरत नाही, तेवढा फायदा नक्की आहे. पण हवेतून गेलेला बेस स्लॅबला हलवतोच, त्यावर गादीचा इलाज नाही. पडदे आणि भिंतीवरचे पातळ फोम यांचाही नाही.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी 8:40

वरच्या प्रतिसादाला जोडून: कानाचा स्वभावही असाच आहे. 20 हर्ट्झचा शुद्ध सूर जेमतेम ऐकू यायलाच 78 डेसिबल लागतात, 40 हर्ट्झचा 51 डेसिबलला ऐकू येतो. हळू आवाजात गाणं लावलं की सर्वांत आधी बेस नाहीसा होतो, तो यामुळेच. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे वक्र मांडले. त्याचा उपयोग असा: रात्री हळू ऐकताना सबवूफर थोडा चढवावा लागतो, आणि जोरात ऐकताना तोच चढवलेला सबवूफर त्रास देतो. एकदा लावून विसरून जायची ही गोष्ट नाही. आजोबांसाठी वेळ ठरवून घ्या.

खर्जप्रेमी | सोमवार, दुपारी 1:10

दुकानात 10 इंची परत दिला. त्याआधी सकाळी सोफ्यावर ठेवून रांगलो. तीन खुणा केल्या. टीव्हीशेजारची जागा सर्वांत वाईट ठरली. खिडकीखाली, समोरच्या कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर, सगळ्यात सारखं ऐकू आलं. सोफा दीड फूट मागे नेल्यावर तोच 10 इंची वेगळाच वाजायला लागला. दुकानदाराला म्हटलंही, पेटीत खोट नव्हती.

आता बंद पेटीचा 12 इंची शोधतोय.

सुतारकाम_आणि_सोल्डर | सोमवार, रात्री 10:00

हौस असेल तर घरी बनवायचा विचार करा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून 18 मिलिमीटरची चांगली प्लाय आणून मी 12 इंचीची बंद पेटी केली. ड्रायव्हरच्या पत्रकात थील आणि स्मॉल यांच्या नावानं ओळखले जाणारे आकडे असतात, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. त्यावरून पेटीचं घनफळ काढायचं, पेटीत बसल्यावरचा क्यू (थाप संपल्यावर शंकू किती रेंगाळतो त्याचा आकडा) 0.7 च्या आसपास यायला हवा. आत आडवे टेकू भरपूर द्या. पेटीवर बोट वाजवलं तर दगडावर वाजवल्यासारखं 'टक्' यायला हवं, 'ढब' आलं तर आणखी एक टेकू. सांधे फेव्हिकॉलनं भरून रात्रभर शिकंजात. बारीकशी फट राहिली तरी खालच्या सुराला फुसफुस ऐकू येते. मी अगरबत्ती पेटवून प्रत्येक सांध्याजवळ धरली, धूर हलला तिथे परत भरलं.

पैसे वाचतात, पण तीन रविवार जातात हे धरून चाला.

खर्जप्रेमी | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी 4:30

घेतला. 12 इंची, बंद पेटी, 300 वॉट आरएमएस, रबराची कड, हडपसरच्या एका गृहस्थांकडून, दीड वर्ष वापरलेला. 42,000 ला पडला. उरलेल्या पैशांना अजून हात लावलेला नाही.

पहिल्याच दिवशी भुणभुण सुरू झाली. 50 हर्ट्झची, मेनची. संध्याकाळभर केबल बदलत बसलो. एका इलेक्ट्रिशियननं प्लगची मधली पिन काढून टाका म्हणून सुचवलं. ते केलं नाही, आणि कोणीही करू नये, ती पिन अर्थिंगची आहे, जीव वाचवते. शेवटी कारण सापडलं. सबवूफर खिडकीजवळच्या सॉकेटला होता आणि रिसीव्हर समोरच्या. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून वेटोळं तयार होत होतं. एका जाड एक्स्टेन्शन बोर्डावर दोघांना घेतलं, भुणभुण गेली.

मग जुळवणी. रिसीव्हरमध्ये माझे स्पीकर इतकी वर्षं 'लार्ज' वर होते, म्हणजे सव्वापाच इंची बिचारे सगळा बेस स्वतः ओढत होते. 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, 80. सबवूफरच्या पेटीवरचा क्रॉसओव्हर पूर्ण वर, नाहीतर दोनदा गाळलं जातं. फेजसाठी, म्हणजे सबवूफर आणि स्पीकरांच्या लाटा जुळाव्यात म्हणून, मोजपट्टींनी फोनवर सांगितलं तसं, 80 चा सूर लावून पत्नीनं बटण फिरवलं आणि मी सोफ्यावर डोळे मिटून बसलो. जिथे आवाज सर्वांत मोठा झाला तिथे ठेवलं.

मोजपट्टींनी त्यांचा मोजणीचा यूएमआयके-1 माइक आठवडाभर वापरायला दिला. त्यावरून आलेख काढणारं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी मुद्दाम सोफा जुन्या जागी नेऊन मोजलं: 40 हर्ट्झला 17 डेसिबलचा खड्डा. नव्या जागी तोच खड्डा 5 चा. 51 ला 8 डेसिबलचा उंचवटा होता, तो इक्वलायझरनं कापला. आता 24 पासून 80 पर्यंत वरखाली 5 डेसिबलमध्ये आहे.

थरथरीचा शोधही घेतला. 20 ते 80 पर्यंत सूर दोन मिनिटांत हळूहळू चढवत नेला आणि आम्ही दोघं खोलीभर कान लावून फिरलो. 38 ला माळ्यावरचा पितळी डबा, 52 ला खिडकीची डावी काच, 63 ला कपाटाचं दार. डब्याखाली जुन्या लुगड्याची घडी, काचेच्या खाचेत नमद्याची पट्टी, दाराला दोन रबरी ठिपके. एवढ्यानं जो फरक पडला तो सबवूफर बदलूनही पडला नसता.

आणि शनिवारी खाली गेलो. आजी-आजोबांच्या दिवाणखान्यात बसलो, पत्नीनं वर आमच्या नेहमीच्या आवाजात सिनेमा लावला. दोन ठिकाणी हलका गडगडाट आला. आजोबा म्हणाले, "भांडं वाजलं नाही म्हणजे चालतंय." आवाजाच्या बटणावर त्या जागी टिकली लावली आहे. रात्री साडेनऊनंतर सबवूफर बंद, हे आम्हीच ठरवलं.

तानपुरा_जवारी | रविवार, संध्याकाळी 5:05

आणि पखवाज?

खर्जप्रेमी | रविवार, संध्याकाळी 5:40

काल लावला. विलंबित चौतालात पहिला 'धा' पडला आणि डाव्या पुडीचा श्वास आला, पूर्ण, आणि पुढच्या बोलाच्या आधी विरला. सबवूफर कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येत नव्हतं, तो खिडकीखाली असूनही आवाज समोरून येत होता. रेकॉर्डमधल्या तानपुऱ्याची खर्जाची तार इतकी वर्षं मला नुसती गुणगुण वाटायची. ती प्रत्येक वेळी छेडली जाते तेव्हा बोटाचा स्पर्शही कळतो, हे कालच कळलं. ती बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

वाड्यातून_फ्लॅटमध्ये | रविवार, संध्याकाळी 6:15

वाचून फार छान वाटलं. उरलेल्या पैशांत पुढेमागे दुसरा तसाच सबवूफर बघा. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये यावर बरंच काम मांडलं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवले तर लांबीचा तो 40 चा सूर दोघं मिळून विझवतात आणि नुसतं मधल्याच माणसाला नव्हे, तर सोफ्यावरच्या प्रत्येकाला सारखं ऐकू येतं.

खर्जप्रेमी | रविवार, संध्याकाळी 6:32

दिवाळीत मुलगी येईल, तेव्हा सोफ्यावर तिघं असू. तेव्हा मोजून ठरवतो. मोजपट्टी, माइक बुधवारी संध्याकाळी आणून देतो, घरी असाल ना?

मोजपट्टी | रविवार, संध्याकाळी 6:50

आहे. ती पखवाजाची रेकॉर्डही घेऊन या.